सेत्तिमिओ मिस्त्रीच्या घरचं मागचं दार

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पेत्रारोलाच्या वेशीबाहेर शहराची बस येऊन थांबायची आणि तिच्यातून पाहुणे उतरायचे. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. वेशीच्या आत पाऊल टाकलं की ही सगळी मंडळी एकदम कुजबुजत बोलायला लागायची, घरात कुणी गेलं असावं तशी. अहो, गाव जुनं आहे, मेलेलं नाही! जेवून जरा पाठ टेकलीय माणसांनी, एवढंच.

वेशीला लागून फाउस्तोचा बार. फाउस्तो पाहुण्यांना आधी कॉफी पाजायचा, मग गाव दाखवतो म्हणून वरच्या बोळात न्यायचा आणि सेत्तिमिओ मिस्त्रीच्या घराच्या मागच्या भिंतीसमोर उभं करायचा. त्या भिंतीत, बोळापासून गुडघाभर उंचीवर, एक अरुंद दार होतं. म्हणजे दगडी चौकट होती, वर कमान होती, आणि मधे सगळ्या विटा.

"मेलेल्यांचं दार," फाउस्तो आवाज खाली आणून सांगायचा. "या गावात माणूस गेला की त्याला पुढच्या दारानं काढत नाहीत. विटा फोडायच्या, पेटी इथून बाहेर, पाय आधी. आणि माती देऊन आलं की सूर्य बुडायच्या आत दार पुन्हा चिणून टाकायचं. नाहीतर गेलेल्याला परतीची वाट सापडते आणि तो आणखी कुणाला तरी न्यायला येतो. सहाशे वर्षांत या दारातून जिवंत माणूस गेलेला नाही! आणि तो मधला वाकडा थर पाहा. अस्सल चौदावं शतक."

कॅमेरे खटाखट वाजायचे. तेवढ्यात वरची खिडकी उघडायची आणि सेत्तिमिओ टेबलावरची चादर पाहुण्यांच्या डोक्यावर झटकायचा. पावाचा चुरा, शेंगांची सालं, जे असेल ते. "माफ करा हं, दिसलं नाही," असं म्हणून खिडकी बंद. दर रविवारी त्याला दिसायचं नाही.

तो वाकडा थर चौदाव्या शतकातला नव्हता. सेत्तिमिओनं तो स्वतःच्या हातानं घातला होता, तरुणपणी, आपल्या चार वर्षांच्या पोरीला याच दारानं बाहेर काढल्यावर. नेरिना तिचं नाव. घटसर्पानं गेली. गावाला हे ठाऊक होतं, फाउस्तोलाही ठाऊक होतं, पण पाहुण्यांना खरं सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्यापेक्षा चौदावं शतक बरं.

सेत्तिमिओ म्हणजे सातवा, आणि हा घरातला सातवाच. बाप गवंडी, आजा गवंडी, आणि गावातली अशी सगळी दारं फोडायची नि चिणायची ती याच घराण्यानं. माणूस उंचीनं बेताचा, हात मात्र फावड्याएवढे. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी भिंतीवर तळवा फिरवणार, मग खुर्चीत बसणार. "पोट आलंय तुमच्या भिंतीला," हे त्याचं घरात शिरल्यावरचं पहिलं वाक्य. मग कोण त्याला दुसऱ्यांदा बोलावतंय! पण पावसाळी रात्रीनंतर कुणाच्या भिंतीला तडा गेला की तोच माणूस सकाळी त्याच्या पायरीवर हजर, आणि सेत्तिमिओ काही न बोलता घमेलं उचलून निघायचा. बोलायचा तो काम झाल्यावर. मग ऐकवत नसे.

त्याची बायको झेलिंदा गावाखालच्या गिरणीतली. गिरणी गावाच्या तटापासून हाकेच्या अंतरावर, पण तटाबाहेर ती बाहेरच. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं होऊन गेली तरी शेजारीण ओस्वाल्दा तिच्याविषयी बोलताना "ती बाहेरची" म्हणायची. झेलिंदा ऐकून घेणारी नव्हती. "मी बाहेरची म्हणून तुमच्या या खुराड्यात जरा वारा तरी आला," असं ती खिडकीतून खिडकीत फेकायची. नवराबायकोचं भांडण तर रोजचंच. मीठ जास्त का, खिडकी उघडी का, पाऊस येणार की नाही. त्यांचं घर शांत असलं तर ओस्वाल्दा काळजीनं डोकावून जायची.

तर या झेलिंदानं एका शरदात अंजिराच्या झाडाला शिडी लावली. सत्तरीच्या बाईनं शिडीवर चढायची काही गरज होती का? पण शेवटची अंजिरं नेहमी शेंड्याला असतात आणि झेलिंदाला ती पाखरांना द्यायची नव्हती. पडली. कमरेखालचं हाड मोडलं. दरीतल्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं, पण हाड काही मनासारखं बसलं नाही. डॉक्टर म्हणाला, "दोन काठ्या घेऊन चालतील हळूहळू, सपाटीवर. जिना मात्र विसरायचा."

सपाटीवर! आमच्या गावात सपाटी म्हणजे फक्त टेबलाची वरची बाजू. घरं सगळी डोंगराच्या उतारावर. सेत्तिमिओचं पुढचं दार खालच्या बोळात. आत शिरलं की खाली कोठार, मग अंधारा जिना, दोन ठिकाणी वळलेला, इतका चिंचोळा की लग्नातलं कपाट सुताराला वर निजायच्या खोलीतच जोडावं लागलं होतं. त्या खोलीची मागची भिंत लागते वरच्या बोळाला, आणि त्याच भिंतीत ते दार.

मुलगी मिरेल्ला, नेरिनानंतर झालेली, शहरात राहायची. तिनं रुग्णवाहिकेच्या मंडळाशी बोलून चार दणकट गडी ठरवले आणि नोव्हेंबरात आईला घरी आणलं. गाडी वेशीतून आत येत नाही, म्हणून वेशीपासून झोळीच्या खुर्चीत उचलून. बोळभर लोक दारात उभे. झेलिंदा खुर्चीतून हुकूम सोडत होती, "अरे मला वर न्या, दगडाचं पोतं नाही मी!" आणि सगळे हसत होते.

पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणावर खुर्ची अडकली. ना वर, ना खाली. गड्यांनी ती तिरपी केली आणि झेलिंदा अशी ओरडली की बाहेर बोळातली माणसं गप्प झाली. सेत्तिमिओ जिन्याच्या वरच्या टोकाला दोन्ही हात पुढे करून उभा होता. बायको त्याच्यापासून पाच पायऱ्यांवर होती आणि त्याला तिच्या कपाळाला हातही लावता येत नव्हता. शेवटी तिला परत खाली घेतलं. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"बाबा, तिला खाली नन्सच्या आश्रमात ठेवू," मिरेल्ला रडत म्हणाली. "माझ्याकडे तर खोलीच नाही. निदान हिवाळ्यापुरतं."

सेत्तिमिओनं मान खाली घातली. झेलिंदाला उचलून वेशीकडे नेत होते तेव्हा तिनं त्याची बाही धरली. "सेत्तिमिओ, मागचं दार उघड की."

त्यानं ऐकू न आल्याचं सोंग केलं. पण ऐकू न येणारा माणूस मानेनं नाही म्हणत नाही, आणि त्यानं तर म्हटलं.

आश्रम बरा होता. उगाच नावं कशाला ठेवा? गरम पाणी, स्वच्छ चादरी, खिडकीतून दिसणारा सपाट रस्ता. सेत्तिमिओ रोज दुपारच्या बसनं खाली जायचा, डब्यात चण्याचं सार घेऊन. ते तो स्वतः करायचा आणि ते वाईट व्हायचं. पहिले काही दिवस झेलिंदा त्यावरून त्याला धारेवर धरायची. "हे काय आणलंस, भिंतीला लावायला कालवलंस का?" सेत्तिमिओ खूश होऊन परतायचा. मग हळूहळू ती दोनच चमचे घ्यायला लागली आणि "बरं झालंय" म्हणायला लागली.

एके दिवशी तिथल्या सिस्टरनं त्याला दारात गाठलं. "किती शांत आहेत हो तुमच्या मिसेस. कसला म्हणून त्रास नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांत झेलिंदाला कुणी शांत म्हटलं नव्हतं. बसमध्ये बसून तो वर येत होता आणि त्याला स्वच्छ दिसत होतं की बाई तिथे मरणार. वसंतापर्यंतसुद्धा नाही. या गावातला अडाण्यातला अडाणी माणूस सांगू शकला असता, मग त्याला कळत नव्हतं का?

कळत होतं. पण दाराला हात लावायची छाती होत नव्हती.

गावानं आपली मतं दिलीच. मागावी कुठे लागतात? ओस्वाल्दा म्हणाली, "हे बघ, त्या दारातून आत आलेलं माणूस तिथूनच बाहेर जातं, आणि पटकन जातं. माझी आजी सांगायची." फाउस्तोनं दोन पेले वाइन पाजून वेगळाच सूर लावला. "मिस्त्री, तुमची अडचण मला कळते हो. पण ते दार म्हणजे गावाची शान आहे. फोडलंत तर पाहुण्यांना मी काय दाखवू, माझ्या बायकोची भाची?" आणि एल्वियो पाद्री, ज्यांच्याकडे सेत्तिमिओ शेवटी गेला, ते मेणबत्त्यांचं मेण खरवडता खरवडता हसले.

"अरे सेत्तिमिओ, देवाचा नि त्या दाराचा काय संबंध? तुमच्या वाडवडिलांना त्या जिन्यावरून पेटी उतरवता येत नव्हती. बास. बाकी सगळ्या नंतर रचलेल्या गोष्टी."

"मग चिणायचं कशाला, फादर?"

"थंडी येते म्हणून!"

हे उत्तर इतकं सरळ होतं की सेत्तिमिओला ते पटणं शक्यच नव्हतं. तो उठून आला.

डिसेंबरात एक दिवस उन्हाचा आला. सेत्तिमिओनं झेलिंदाला चाकाच्या खुर्चीत घालून आश्रमाच्या अंगणात नेलं आणि शेजारी बाकावर बसला.

"जेवत नाहीस म्हणे."

"भूक नाही."

"भांडत पण नाहीस."

"कुणाशी भांडू? ऊन पडलंय म्हटलं तरी ‘हो आजी’, पाऊस पडतोय म्हटलं तरी ‘हो आजी’. डोकं फिरतं माझं."

सेत्तिमिओ हसला. मग त्याला हसवेना. "झेलिंदा, त्या दारातून आलीस तर जाशील लवकर. मला भीती वाटते. झालं, सांगितलं."

"इथून त्याच्याही आधी जाईन. आणि इथून नेतात ते लिफ्टनं. सामानाच्या."

मग झेलिंदानं ते काढलं, जे दोघांनी इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. "मी त्या दिवशी तुला म्हणाले होते, आजची रात्र उघडं राहू दे. सकाळी चिण."

"हो."

"एक रात्र मागितली होती रे मी. ती लहान होती. वाटलं, घाबरली, मागे फिरली, तर दार तरी उघडं असावं."

"माझे वडील उभे होते मागे," सेत्तिमिओ म्हणाला. "सूर्य बुडायच्या आत, म्हणत होते. मी काय करणार होतो? तू रडत होतीस आणि मी एकेक वीट ठेवत होतो. माझ्या हाताला धड वीट लागत नव्हती. वडील म्हणाले, थर वाकडा आलाय, काढ आणि परत घाल. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. पुन्हा उघडलं असतं तर मला पुन्हा चिणवलं नसतं, झेलिंदा."

"ठाऊक आहे मला. मी त्या भिंतीकडे डोकं करून निजते ना रोज? ठाऊक नसेल का?" तिनं शालीच्या टोकानं त्याचं नाक पुसलं, पोराचं पुसावं तसं जोरात. "तुझे वडील कधीच गेले, तेही तुझ्या थोरल्या भावाच्या घरून. आता कोण उभं आहे तुझ्या मागे?"

सेत्तिमिओनं खरोखर मागे वळून पाहिलं. मागे आश्रमाचा कुत्रा होता.

"त्या दारानं आजवर आपल्या घरातून नेलंच आहे," झेलिंदा म्हणाली. "आधी तुझ्या आत्याला नेलं. मग माझी नेरिना नेली. एकदा काहीतरी आणू दे की त्याला."

घरी गेल्या गेल्या सेत्तिमिओनं मिरेल्लाला फोन केला. रुग्णवाहिकेचे गडी रविवारीच मोकळे असायचे, म्हणून रविवार ठरला. फाउस्तोला त्यानं काही कळवलं नाही. का कळवावं?

त्या रविवारी कडाक्याची थंडी होती, तरी बस भरून आली होती. फाउस्तो मंडळींना घेऊन वरच्या बोळात उभा राहिला. आवाज खाली आणला. "सहाशे वर्षांत या दारातून जिवंत माणूस..." एवढ्यात भिंतीच्या आतून ठक असा आवाज आला.

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा ठक. चुना भुरुभुरु गळला. एक वीट हलली, जरा थांबली, आणि धाडकन बोळात येऊन पडली. एका बाईनं किंकाळी फोडली. भोकातून पांढरा फटक पडलेला एक म्हातारा चेहरा बाहेर आला आणि म्हणाला, "बघत काय उभे राहिलात? खालच्या विटा कोण धरणार, माझा काका?"

"मिस्त्री!" फाउस्तो ओरडला. "माझं चौदावं शतक!"

"तुझं चौदावं शतक मी बांधलंय, गाढवा. बाजूला हो, डोक्यात पडेल."

फाउस्तो बाजूला झाला नाही. तो क्षणभर नुसता बघत राहिला, आणि मग बाह्या वर करून त्यानं खालून हात लावला. त्याचं बघून एक उंच परका पाहुणाही पुढे आला. आतून सेत्तिमिओ छिन्नी चालवायचा, बाहेरून हे दोघं विटा घ्यायचे. वाकड्या थरापाशी आल्यावर सेत्तिमिओनं छिन्नी ठेवली. त्या विटा त्यानं हातानं हलवून हलवून सोडवल्या, जराही न फोडता, आणि एकेक फाउस्तोच्या हातात दिली. तो रडत होता. लपवून वगैरे नाही, पाहुण्यांच्या समोर, चुन्यानं माखलेल्या तोंडानं, मोठ्यानं. पाहुण्यांना काही कळत नव्हतं, पण त्या दिवशी कुणी कॅमेरा उचलला नाही, हे मात्र त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

दार पूर्ण मोकळं झालं तेव्हा खोलीतलं ऊन बोळात आलं की बोळातलं खोलीत गेलं, सांगता येत नाही. सेत्तिमिओ बाहेर उतरला आणि निघालेल्या विटा गुडघाभर उंबरठ्याखाली नुसत्या रचून त्यानं दोन पायऱ्या केल्या.

तेवढ्यात वेशीकडून गलका ऐकू आला. झेलिंदाची खुर्ची येत होती, मागे मिरेल्ला, मागे अर्धं गाव. ओस्वाल्दा आपल्या घरातली सर्वांत चांगली सतरंजी घेऊन धावत आली आणि पायऱ्यांवर अंथरायला लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आत कसं न्यायचं यावर बोळात वाद जुंपला.

"डोकं आधी!" ओस्वाल्दा म्हणाली. "पाय आधी मेलेल्याचे असतात."

"अहो, मेलेलं माणूस बाहेर जातं, ही आत चाललीय," फाउस्तो म्हणाला. "म्हणजे उलट झालं ना? म्हणून पाय आधी."

"तुझी अक्कल आधी ने आत!"

"थांबा, थांबा, खुर्ची फिरवू की नको तेवढं सांगा," गडी बिचारे घामाघूम.

"उतरवा मला!" खुर्चीतून असा आवाज आला की गड्यांनी ती तिथेच टेकवली. "मी काय शवपेटी आहे का, हा उलटा नि सुलटा ठरवायला? काठ्या द्या. चालत जाईन."

तिला उभं केलं. एका हातात काठी, दुसरा हात सेत्तिमिओच्या मानेभोवती. पहिली पायरी चढताना तिचं सगळं अंग थरथरत होतं आणि ओठ दाताखाली होते. दुसऱ्या पायरीवर विटा डगमगल्या. ती तिथेच थांबली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "जन्मभर मिस्त्री म्हणवून घेतोस आणि पायरी हलतेय!"

"अगं, आत्ता रचल्यात, नुसत्या."

"नुसत्या का रचल्यास? मी येणार ठाऊक नव्हतं तुला? आणि हे थोबाड धुवायला पाणी नव्हतं का घरात?"

सेत्तिमिओला इतका आनंद झाला की तो चुन्याखालूनही दिसला. झेलिंदा भांडत भांडत उंबरठा ओलांडून आत गेली, पलंगावर बसली, खोलीभर पसरलेली धूळ पाहून तिनं मादोन्ना मातेचं नाव घेतलं आणि मिरेल्लाला झाडू आणायला पिटाळलं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओस्वाल्दा छातीवर क्रूसाची खूण करत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकाच हातानं.

पण माणसं घरी गेली नाहीत. बस पाहुण्यांना घेऊन निघून गेली, ऊन तटावर चढलं, तरी गाव बोळातच. कारण सकाळीच सेत्तिमिओनं चुना कालवून ठेवला होता, नव्या विटांचा ढीग लावला होता, आणि चाल सगळ्यांना ठाऊक होती. उघडलेलं दार सूर्य बुडायच्या आत चिणायचं.

सेत्तिमिओ थापी घेऊन उंबरठ्यात उभा राहिला. त्याच्या मनात सरळ हिशोब होता. दार चिणलं तर मरणाला वाट नाही. पण झेलिंदालाही नाही. ती या खोलीतून पुन्हा पेटीतच निघेल. आणि उघडं ठेवलं, आणि उद्या तिला काही झालं, तर? मग जन्मभर कुणाला तोंड दाखवणार होता तो? स्वतःला तरी?

"चिण," झेलिंदा पलंगावरून म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही या वेळी."

"बोल की," तो कळवळून म्हणाला. "बोल काहीतरी. मी उघडं ठेवलं आणि ते आलं आत, तर?"

"कोण, मरण? त्याचे काय गुडघे दुखतात? जिन्यानंही येईल. माझ्याच्यानं चढवत नाही जिना, त्याला काय धाड भरलीय?"

बोळात कुणीतरी फसकन हसलं. सेत्तिमिओ उभाच राहिला. सूर्य तटामागे गेला. ओस्वाल्दानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सेत्तिमिओ दारात घोंगडी टांगत होता. घमेल्यातला चुना तसाच घट्ट झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं चुना वाया घालवला.

त्या हिवाळ्यात त्यानं चेस्टनटच्या लाकडी फळ्यांचं दार बसवलं आणि पायऱ्या नीट बांधून काढल्या, ओळंबा लावून. गाव महिनाभर कुरकुरलं. मग ओस्वाल्दाच त्या दारानं यायला लागली, का तर तिलाही जिना चढवत नव्हता. झेलिंदा दारात खुर्ची टाकून बसायची. शेंगा सोलायची, येणाऱ्याजाणाऱ्याला टोकायची. पाहुणे आले आणि कुजबुजायला लागले की म्हणायची, "मोठ्यानं बोला रे, मला ऐकू येत नाही!" तिला सगळं ऐकू यायचं. फाउस्तोनंही गोष्ट बदलली. आता तो सांगायचा, मेलेल्यांच्या दारात जिवंत बाई बसते असं गाव जगात एकच. या सगळ्यावर सेत्तिमिओ वरून चादर झटकायचा ती झेलिंदाच्या डोक्यावर पडायची आणि मग बोळात जो काही तमाशा व्हायचा तो पाहायला पाहुणे दुसऱ्यांदा यायचे.

अशी तीन वर्षं गेली. चांगली गेली. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत झेलिंदाला ताप भरला आणि ती आपल्या पलंगावर, भिंतीकडे डोकं करून, फार त्रास न होता गेली. तिला त्याच दारानं बाहेर काढलं. या वेळी काही फोडावं लागलं नाही, कडी काढली आणि झालं. ते बघून ओस्वाल्दा ढसाढसा रडली. म्हणाली, "आता कुणाशी भांडू ग मी?" बाहेरची म्हणाली नाही.

माती देऊन लोक परतले तेव्हा ऊन उतरत होतं. फाउस्तोनं कुणाला न सांगता विटा आणि चुना वरच्या बोळात आणून ठेवला होता. म्हाताऱ्याला या वयात उचलवणार नाही, एवढाच त्याचा विचार. माणूस वाईट नव्हता. सेत्तिमिओ पायऱ्या चढला, खोलीत गेला, आणि थोड्या वेळानं अंगावर दुलई घेऊन, झेलिंदाची खुर्ची ओढून, उघड्या दारात येऊन बसला.

"मिस्त्री," फाउस्तो हळूच म्हणाला, "सूर्य बुडायला आलाय."

"दिसतंय."

"मी चिणू का? तुम्ही नुसतं सांगा." तो जरा घुटमळला. "थंडी वाजेल हो. आणि दार उघडं राहिलं तर गेलेलं माणूस परत येतं, असं म्हणतात."

सेत्तिमिओनं दुलई गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. "म्हणूनच उघडं ठेवलंय," तो म्हणाला. "पुढच्या दारानं आली, तर जिना कसा चढेल ती?"